मागचा पत्रा

ओडेसा, टेक्सस
१५ नोव्हेंबर १९८१

मार्लिस,

आणि पुन्हा तेच. ड्रायर बिघडला की रेनोने बिघडवला, आणि चालला की बाबांच्या नशिबाने चालला. तुझ्या पत्राची पहिली चार वाक्यं वाचून मी ते घडी करून ठेवलं, जेवून आलो, मग उरलेलं वाचलं. सप्टेंबरात मी घर सोडलं तेव्हा ड्रायर चालू होता. तू स्वतः त्यातून आईच्या चादरी काढल्यास आणि गरम आहेत म्हणून गालाला लावून बघितल्यास. आठवत नसेल तर राहू दे.

आता ऐक. तू लिहितेस, बटण दाबलं की घूं आवाज येतो पण आतला ढोल फिरत नाही, आणि हाताने ढकलला तर सैल फिरतो. म्हणजे पट्टा तुटलाय. मोटर ठीक आहे. तू बारावीपर्यंत शिकलीस, मी नववीत शाळा सोडली, तरी हे मलाच लिहावं लागतंय, याची नोंद असू दे.

आधी प्लग काढ. मग वरच्या पत्र्याच्या पुढच्या फटीत लोण्याची बोथट सुरी घाल, दोन्ही कोपऱ्यांत दाब, पत्रा टक करून वर उचलला जाईल. पुढचा पत्रा आतून दोन स्क्रूंवर आहे, तो काढ. ढोल जड नाही, पण बाबांना धरायला सांग. नवा पट्टा ढोलाभोवती घालताना खोबणीची बाजू ढोलाकडे ठेव. खाली एक छोटी पुली आहे, तिच्याखालून पट्ट्याचा वेढा घेऊन मोटरच्या दांड्यावर चढव. हाताने ढोल दोनदा फिरवून बघ. पट्टा सरळ चालला तर झालं.

मागचा पत्रा मात्र उघडू नकोस. तिथे मी केलेलं काम आहे. तुझे हात लागले की परत माझ्याच नावाने ओरडशील.

आणि बाबांना म्हणावं, तो मोजा काढा. अख्खी गल्ली हिवाळा आला की ड्रायरचा पाइप भिंतीतून उपसून घरात घेते आणि त्याच्या तोंडावर बाईमाणसाचा नायलॉनचा लांब मोजा चढवते, म्हणून आपणही करायचं, आणि वर तो उन्हाळाभरही तसाच ठेवायचा? गरम हवा बाहेर फुकट जाते म्हणे. कपड्यांची सगळी लव त्या मोज्यात साठते आणि यंत्राचा श्वास कोंडतो. हे मी चार वर्षं सांगतोय आणि चार वर्षं हसं होतंय माझं.

इथे ऊन आहे.

रेनो

---

लॉरियम, मिशिगन
२४ नोव्हेंबर १९८१

रेनो,

पट्टा बसवला. हे पहिल्या वाक्यात लिहिते, कारण तू चारच वाचतोस.

सुरीने वरचा पत्रा उचलला तेव्हा बाबा म्हणाले, "बघ, लोण्याला नाही मिळत, यंत्राला मिळते सुरी." ढोल त्यांनी धरला, उरलेल्या आठ बोटांनी. खाली काय सापडलं ते ऐक: तीन नाणी, आईच्या केसांची पिन, तुझ्या निळ्या शर्टाचं बटण, ज्याच्यासाठी तू मला चोर म्हणाला होतास, आणि बादलीभर लव. बटण पाकिटात घातलंय. माफी मागायची असेल तर टपालाने माग.

मागचा पत्रा उघडला नाही. तुझं थोर काम जसंच्या तसं आहे.

तुझ्या पत्राची वाट बघत दहा दिवस गेले, त्या दहा दिवसांत इथे काय झालं ते तुला माहीत असायला हवं. फोन मार्चमध्येच काढलाय, नाहीतर तेव्हाच ऐकवलं असतं. लकव्यापासून आईच्या दिवसाला चार चादरी ओल्या होतात, कधी पाच. बाहेर दोरीवर टाकली की चादर लाकडाच्या फळीसारखी ताठ होते. आत शेगडीभोवती टांगल्या तर दीड दिवस ओल जात नाही. दमट चादरीवर निजून आईच्या कमरेवर दोन जखमा झाल्या. काउंटीची सरकारी नर्स आली, तिने पाहिलं, वहीत लिहिलं, आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "कोरडं ठेवणं जमत नसेल तर आमच्या वृद्धाश्रमात जागा होतेय, जानेवारीत." आईची वाचा गेलीय, कान नाही गेले, हे त्या बाईच्या लक्षातच राहत नाही. त्या दिवशी आईने संध्याकाळपर्यंत माझं मनगट सोडलं नाही. डाव्या हातात अजून केवढी ताकद आहे तिच्या.

मी शाळेच्या कचेरीतली नोकरी सोडली ती तिला तिथे पाठवायला नाही. तेव्हा ड्रायर बंद पडून चालणार नाही. एवढं तुला कळलं की बाकीचं भांडण आपण फुरसतीने करू.

मोज्याबद्दल बाबांचा निरोप: "त्याला म्हणावं, उन्हात बसून मला थंडी शिकवू नकोस." बाहेरच्या भोकावर आत्ताच कमरेएवढा बर्फ आहे. पाइप काढायचा कुठे, तूच सांग.

मार्लिस

---

ओडेसा
६ डिसेंबर १९८१

मार्लिस,

बटण मिळालं. शर्ट केव्हाच फाटला. चोर म्हणालो ते मागे घेतो, पण सायकलचं अजून घेत नाही.

आईच्या जखमांचं वाचून मी तेलविहिरीवर दोनदा चुकीचा पाना उचलला. मुकादम म्हणाला, "मिशिगन, झोपेत आहेस का?" इथे मला सगळे मिशिगनच म्हणतात, रेनो म्हटलं की त्यांना जुगाराचं गाव आठवतं. शिवाय मी डावखुरा, त्यामुळे माझ्याशेजारी उभं राहायला कोणी तयार नसतो. काम असं की अंगाचा तेलाचा वास आठवडाभर धुतला तरी जात नाही. रविवारी नाणी घालून यंत्रं चालवायच्या लॉन्ड्रीत कपडे घेऊन बसतो. तिथे यंत्रं दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, त्याच्याशी गप्पा मारतो. त्याला मोज्याचं सांगितलं तर तो हसला नाही.

एक विचारायचं होतं. ड्रायर चालू असताना वरच्या पत्र्यावर तुला हात ठेवता येतो का? आणि उन्हाळ्यात जसा मधेच आपोआप थंड पडायचा, तसा आता पडतो का?

वीस मिनिटांच्या वर चालवू नकोस. एका वेळी एकच चादर. चालू असेल तोवर तिथेच उभी राहा. लव साफ कर, जाळीतली दर वेळी आणि मोज्यातली रोज. कारण काही खास नाही. यंत्र जुनं आहे.

मागचा पत्रा राहू दे. मी बघेन.

रेनो

---

लॉरियम
१७ डिसेंबर १९८१

रेनो,

वीस मिनिटं. एकच चादर. तिथेच उभी राहा. बरं. आईला मग कोण भरवणार, तू टेक्ससातून लांब चमच्याने? बाबा छतावरचा बर्फ ओढत असतात तेव्हा शिडी कोण धरणार? तुला तिथे बसून घरकाम फार सोपं दिसायला लागलंय.

हात ठेवता येत नाही, पत्रा तापतो. थंड मुळीच पडत नाही. उन्हाळ्यात एका चादरीला दीड तास लागायचा आणि दर दहा मिनिटांनी यंत्र गार व्हायचं, आता पाऊण तासात दोन चादरी होतात. यात काळजीचं काय आहे ते मला कळलं नाही. तू दुरुस्त केलंस ते खरंच चांगलं केलंस. एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

बाबा तर सहकारी दुकानात लोकांना धरून सांगतात. परवा शेजारच्या कोस्की बाई पीठ घेत होत्या, त्यांना म्हणाले, "दुरुस्तीवाल्याने दोनदा येऊन पैसे घेतले, त्याला जमलं नाही. आमच्या पोराने हाउटनला जाऊन नवा कट-आउट, तो यंत्र मधेच बंद पाडणारा भाग, आणला, स्वतःच्या हाताने मागे बसवला, आणि तेव्हापासून यंत्र एकदाही गार पडलं नाही. नववीतून घरी बसलेला पोरगा." कोस्की बाई म्हणाल्या, "आर्वो, हे तू मला तिसऱ्यांदा सांगतोयस." "चौथ्यांदाही सांगेन," म्हणाले. इतकं बोलताना मी त्यांना खाण बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

आईच्या जखमा भरत आल्या. नर्सने चादर बोटांनी चाचपली, उलटी करून पाहिली, आणि म्हणाली, "असंच राहिलं तर घरीच असू द्या." वहीतलं काहीतरी खोडलंसुद्धा. आईने माझ्याकडे बघून डोळा मिटला, एकच, जसा ती पूर्वी तुला मिटायची.

एका उशीच्या अभ्र्याची कड मात्र तपकिरी झाली, भट्टीत जास्त राहिलेल्या निसूच्या पावासारखी. थोडा वासही येतो. मी समजते, साबणाचा असेल.

नाताळाचं पार्सल वेगळं पाठवलंय. निसू आहे, वेलदोडे यंदा महाग होते तरी घातलेत. पायमोजे बाबांनी निवडलेत, तेव्हा रंगाबद्दल मला बोलू नकोस.

मार्लिस

---

ओडेसा
२७ डिसेंबर १९८१

मार्लिस,

निसू मिळाला. दोन दिवसांत संपवला, कोणाला दिला नाही.

पत्र छोटं लिहितोय. तो मोजा काढ. बाबांना विचारू नकोस, काढून टाक. बर्फ उकरून पाइप बाहेर घाल, नाहीतर पाइपाचं तोंड खिडकीतून काढ आणि भोवती चिंध्या कोंब. काय करायचं ते कर, पण मोजा काढ. इथे माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या मावशीचं ओक्लाहोमात घर जळलं अशाने. माझं आयुष्यात एकदा ऐक.

आणि बाबांना म्हणावं, दुकानात माझं कौतुक करू नका. मला आवडत नाही. लोक तोंडावर ऐकतात आणि मागे हसतात.

मार्चमध्ये मी येतो. भिंतीतून पाइप नीट काढून देतो. मागचा पत्राही उघडून बघतो.

~~~~~~~~~~~~~~~~
~~~~~~~~~~~~~~~~

वरच्या दोन ओळी मी खोडल्यात. वाचायचा प्रयत्न करू नकोस, विशेष काही नव्हतं.

आईला माझ्याकडून डोळा मीट.

रेनो

---

लॉरियम
२० जानेवारी १९८२

रेनो,

मागच्या मंगळवारी, बारा तारखेला, सकाळी पावणेअकरा वाजता ड्रायर पेटला. मागची खोली गेली. स्वयंपाकघराची एक भिंत गेली. सगळे जिवंत आहेत. आता बाकीचं वाच, नाहीतर घडी करून जेवून ये.

मी आईला लापशी भरवत होते. बाबा चुलीशी बसून बूट वाळवत होते. आधी वास आला, तोच, ज्याला मी साबणाचा म्हणत होते. बाबा उठून गेले तेव्हा मोजा पेटलेला होता, खालून वर, वातीसारखा. त्यांनी तो हातांनी ओढून काढला. नायलॉन पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. आठही बोटांना चिकटलं. तसल्या हातांनी त्यांनी आईच्या खाटेचं एक टोक उचललं, मी दुसरं, आणि आम्ही तिला पुढच्या दाराने बर्फात नेलं. कोस्की बाईंच्या फोनवरून बंब बोलावला.

तुझं पत्र चार तारखेला मिळालं होतं. मी मोजा काढलाही होता, बाबांशी भांडून. बर्फ दगड झाला होता, उकरता आला नाही. खिडकी उघडी ठेवली तर आईच्या खोलीत थंडी शिरायची, बंद केली तर सगळी लव घरभर उडायची. आई खोकून खोकून निळी पडली. तिसऱ्या दिवशी मोजा मी परत चढवला, बाबांनी नाही. मीच. तू काढ म्हणालास, का ते म्हणाला नाहीस. एका माणसाची मावशी, ओक्लाहोमा. मला वाटलं, रेनो नेहमीसारखा हुकूम सोडतोय. का ते लिहिलं असतंस तर मी मोजा सोड, अख्खा ड्रायर बर्फात ढकलला असता.

बंबवाल्यांचा प्रमुख दुसऱ्या दिवशी आला. त्याने मागचा पत्रा काढला, म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते. आत कट-आउट नव्हताच. त्या जागी तांब्याची वीतभर तार होती, दोन्ही टोकांना पिळलेली. तो म्हणाला, "हे कोणाचं काम?" बाबा म्हणाले, "माझं." तो म्हणाला, "आर्वो, यंत्र फार तापलं की करंट तोडायला असतो तो भाग. तो काढून तार जोडली तर ते तापतच राहणार." बाबा म्हणाले, "म्हाताऱ्याची अक्कल. लिहून घे." त्याने लिहून घेतलं. तो कागद विमा कंपनीकडे गेला आणि त्यांचं उत्तर कालच आलं. एक पैसा देणार नाहीत.

मी ती तार पाहिली, रेनो. पीळ उलटा होता, डाव्या हाताचा. बाबांच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारची दोन बोटं खाणीपासून नाहीत, त्यांना तार पिळताच येत नाही, हे बंबवाल्याला माहीत नव्हतं. मला माहीत आहे. आणि बाबांना तर आहेच. तो गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "तारेचं त्याला लिहू नकोस. घरी यायचा नाही तो मग." म्हणून मी लिहितेय. त्यांनी लपवलं, तू लपवलंस, मला आता कंटाळा आलाय.

तुझ्या खोडलेल्या ओळी मी पत्र मिळालं त्याच दिवशी खिडकीशी धरून पाहिल्या होत्या. फार दाबून खोडल्यास.

आईला शुक्रवारी वृद्धाश्रमात नेलं. नर्सने वहीत जे खोडलं होतं तेच पुन्हा लिहिलं. तिथे चादरी मोठ्या यंत्रात वाळतात, शंभर माणसांच्या एकत्र, आणि आईच्या चादरीवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव शिवलेलं असतं. मी निघाले तेव्हा तिने माझं मनगट धरलं नाही. हात नुसता पुढे ठेवून दिला.

बाबांच्या हातांना पट्ट्या आहेत. दुकानात कोणी विचारलं तर म्हणतात, "पोराने चांगला बसवला होता, मीच उपद्व्याप केला." पाचव्यांदा सांगितलं काल.

मार्लिस

---

ओडेसा
२९ जानेवारी १९८२

मार्लिस,

सगळं एका दमात वाचलं. जेवलो नाही.

तार माझी आहे.

ऑगस्टमध्ये बाबांनी मला कट-आउटसाठी बारा डॉलर दिले होते. मी हाउटनला गेलो. दुकानात तो भाग होता, काउंटरवर काढून ठेवलाही होता त्याने. बोटाएवढी डबी, आठ डॉलर पंचाहत्तर सेंट. मला टेक्ससच्या बसच्या तिकिटाला नऊ डॉलर कमी पडत होते. तुला माहीत नाही, पण मी जूनपासून पैसे साठवत होतो. रोज सकाळी बाबांच्या समोर बसून कॉफी प्यायची आणि दोघांनीही बंद खाणीकडे बघायचं, ते मला होत नव्हतं. मी त्या माणसाला म्हटलं, उद्या येतो. आणि तिकीट काढलं.

घरी येऊन जुना कट-आउट उपटला, तार पिळली, पत्रा लावला. बाबा दारात उभे होते. म्हणाले, "बसला का नवा?" मी म्हटलं, "बसला." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तुला आठवत असेल, ते कोणाच्या पाठीवर हात ठेवत नाहीत.

तेव्हा मला खरंच वाटत होतं की तो भागच बिघडलाय आणि उगीच यंत्र बंद पाडतोय. लॉन्ड्रीतल्या म्हाताऱ्याला मी सहज विचारलं, नोव्हेंबरच्या शेवटी. तो म्हणाला, "सारखा करंट तोडत होता म्हणजे तो बिघडला नव्हता, पोरा. तो काम करत होता. कुठेतरी हवा कोंडली होती तुमची." म्हणजे मोजा. म्हणजे मला नोव्हेंबरपासून माहीत होतं. ओक्लाहोमाची मावशी कोणाची नाही.

खोडलेल्या दोन ओळी अशा होत्या: मागे कट-आउट नाही, तार आहे. हे वाचताक्षणी प्लग काढ.

लिहिल्या आणि मग तुझं पत्र परत वाचलं. बाबा दुकानात बोलतात ते, आणि नर्सने वहीतलं खोडलं ते. मला वाटलं, प्लग काढला तर आई जाणार, आणि सांगितलं तर बाबा पुन्हा गप्प होणार. मार्चला दोनच महिने आहेत. मी जाऊन गुपचूप नवा बसवीन, कोणाला कळणारही नाही. म्हणून खोडल्या.

आणखी एक लिहितो, कारण तू म्हणतेस लपवायचा कंटाळा आला. कोस्की बाईंचा नंबर मला पाठ आहे. लॉन्ड्रीच्या दाराशी फोन आहे. दर रविवारी माझ्या खिशात नाणी होती, ती मी ड्रायरमध्ये घातली.

मार्चमध्ये मी येत नाही. बाबांना येतो म्हणून सांगू नकोस. हे पत्र त्यांना वाचून दाखव, आणि तार पिळणाऱ्याचं नाव त्या बंबवाल्याच्या कागदावर बदलून घे. विमा मिळणार नाही हे मला कळतं. नाव तरी बदलेल. दुकानात सहाव्यांदा सांगायला जातील तेव्हा तू बरोबर जा आणि त्यांना सांगू देऊ नकोस.

आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस. तिला ऐकू येतं.

दोनशे चाळीस डॉलरची मनीऑर्डर बाबांच्या हातांसाठी आहे, दर महिन्याला तेवढीच येईल. या पाकिटात घडी केलेल्या कागदात नाणी आहेत, ती त्यात मिसळू नकोस, वेगळी बाबांच्या पुढ्यात ठेव, आणि कशाची ते सांग. आठ डॉलर पंचाहत्तर सेंट.